गप्पा मारा, स्पॅनिश शिका

परदेशात राहायला गेलं की तिथली भाषा आपोआप येते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. स्पेनमध्ये वर्षभर राहूनही ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’च्या पुढे न सरकलेली कितीतरी माणसं तुम्हाला भेटतील. कारण साधं आहे. कॉलेजचा अभ्यासक्रम इंग्रजीत, खोलीतला सोबती भारतीय, मोबाईलवरचा ग्रुप भारतीयांचा. सुपरमार्केटमध्ये किती पैसे झाले ते स्क्रीनवर दिसतं. भाषेवाचून काही अडतच नाही.

अडतं ते संध्याकाळी. खाली चौकात माणसांची गर्दी असते, हसण्याखिदळण्याचे आवाज येत असतात आणि तुम्ही खिडकीत उभे असता. सगळं दिसतं, पण कळत काहीच नाही. परदेशातल्या एकटेपणाचं मोठं कारण बरेचदा घरापासूनचं अंतर नसतं, तर ही बंद राहिलेली भाषा असते.

यावर स्पेनमध्ये एक सोपा उपाय आहे. त्याला फी लागत नाही आणि वयाची अटही नाही. त्याचं नाव ‘इंतेरकाम्बिओ’.

इंतेरकाम्बिओ म्हणजे काय?

या शब्दाचा अर्थ देवाणघेवाण. तुम्हाला स्पॅनिश शिकायचं आहे आणि समोरच्याला इंग्रजी. मग दोघांनी एखाद्या कॅफेत भेटायचं. अर्धा तास स्पॅनिशमध्ये बोलायचं आणि अर्धा तास इंग्रजीत. कोणी शिक्षक नाही, कोणी विद्यार्थी नाही. आपापल्या कॉफीचे पैसे ज्याने त्याने द्यायचे.

आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करायची पद्धत नाही. तिच्याकडून काही आलं असेल, तर वाटी परत देताना आपण त्यात चिमूटभर साखर तरी घालतो. इंतेरकाम्बिओ हाच व्यवहार आहे. तुम्ही कोणाकडे भाषा मागायला जात नाही, आपली भाषा घेऊन जाता. हे एकदा मनात पक्कं झालं की निम्मा संकोच तिथेच गळून पडतो.

भारतीयांकडे द्यायला इंग्रजी असतं आणि स्पेनमध्ये नोकरीसाठी, परीक्षेसाठी इंग्रजी शिकणारे खूप आहेत. पण देण्यासारखं फक्त इंग्रजीच नाही. योगासनं, पोळ्या लाटणं, फोडणीचे मसाले, हिंदी सिनेमातली गाणी यांबद्दलही तिथे कुतूहल आहे. वायादोलिद शहरात २००३ मध्ये ‘कासा दे ला इंदिया’ म्हणजे ‘भारताचं घर’ ही संस्था स्थापन झाली. तिथे भारतीय संस्कृतीचे कार्यक्रम होतात. भारतात रस असलेली स्पॅनिश माणसं शोधायला अशा जागा उत्तम.

नुसतं ऐकून का भागत नाही?

‘आधी चांगलं समजू दे, मग बोलेन,’ असं म्हणणारे बहुतेक जण बोलायला लागतच नाहीत. कॅनडातल्या संशोधक मेरिल स्वेन यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. तिथल्या काही शाळांमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना बरेच विषय फ्रेंचमधून शिकवले जात. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून त्या मुलांना ते छान समजत होतं, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणाच्या चुका राहतच होत्या. १९८५ मध्ये स्वेन यांनी मत मांडलं की, फक्त ऐकणं पुरेसं नाही, स्वतः बोलावंही लागतं. बोलायला तोंड उघडलं की आपल्याला नेमका कोणता शब्द येत नाही, हे कळतं. समोरच्याचा चेहरा गोंधळलेला दिसला की आपण वाक्य बदलून पाहतो. शिकणं तिथे घडतं.

याचा अर्थ वर्ग नको असा नाही. क्रियापदांची रूपं, भूतकाळाचे प्रकार हे शिक्षकांकडूनच नीट समजतं. वर्ग भाषेचा सांगाडा देतो. त्यात जीव येतो तो माणसांमध्ये.

मराठी बोलणाऱ्यांना स्पॅनिश जवळची

इंग्रजीतून स्पॅनिश शिकताना अनेक गोष्टी विचित्र वाटतात. मराठीतून पाहिलं तर त्याच सोप्या होतात.

‘मला कॉफी आवडते’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मला पुस्तकं आवडतात’ हे ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’. पुस्तकं अनेक म्हणून क्रियापद बदललं, अगदी मराठीसारखं. इंग्रजी बोलणारे इथे हमखास अडखळतात. आपल्याला मात्र ‘मला’ म्हणायची सवयच असते.

आपण नुसतं ‘बोलते’ म्हटलं तरी ‘मी’ कळतं. स्पॅनिशमध्येही ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलते’ किंवा ‘मी बोलतो’. ‘मी’ वेगळं म्हणावं लागत नाही. ‘तू’ला तिथे ‘तू’च म्हणतात आणि आदरार्थी ‘उस्तेद’ आहे. मराठीत तीन लिंगं, तिथे दोनच. उच्चारातही आपण पुढे असतो. स्पॅनिशमधला त, द आणि प हवेचा झोत न सोडता म्हणायचा असतो, म्हणजे आपण म्हणतो तसाच. फक्त इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड आणू नका. टोमॅटोला तिथे ‘तोमाते’ म्हणतात.

काही शब्द तर ओळखीचेच निघतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि पोर्तुगीजांकडून मराठीत बरेच शब्द आले. आपली चावी तिथे ‘याबे’, पाव म्हणजे ‘पान’, साबण म्हणजे ‘खाबोन’, बटाटा म्हणजे ‘पाताता’. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. आपला पगार तोच.

जोडीदार कुठे शोधाल?

सुरुवात विद्यापीठाच्या सूचना फलकापासून करा. तिथे इंतेरकाम्बिओसाठीच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तुम्हीही लावा. नाव, कोणती भाषा देणार, कोणती हवी आणि कोणत्या वेळी मोकळे आहात, एवढं पुरे.

दुसरी जागा म्हणजे सरकारी भाषाशाळा. त्यांना ‘एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास’ म्हणतात. यातली पहिली शाळा माद्रिदमध्ये १९११ मध्ये सुरू झाली. आज त्या देशभर आहेत. तिथे संध्याकाळी इंग्रजी शिकायला बँकेतले कर्मचारी, परिचारिका, निवृत्त शिक्षक असे सगळ्या वयाचे लोक येतात. तुमचं वय चाळीस किंवा साठ असेल, तर विद्यार्थ्यांच्या पार्टीपेक्षा इथे जोडीदार शोधणं केव्हाही बरं.

तिसरी जागा सार्वजनिक ग्रंथालय. अनेक ठिकाणी संभाषणाचे गट चालतात. चौथी जागा म्हणजे कॅफे आणि बार. मोठ्या शहरांत ठरलेल्या वारी इंतेरकाम्बिओची संध्याकाळ असते. तुम्ही कोणती भाषा बोलता, हे दाखवणारी पट्टी बऱ्याच ठिकाणी छातीवर लावायला देतात. अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करू, हा प्रश्नच उरत नाही.

‘बार’ शब्द ऐकून घरच्यांनी दचकू नये. स्पेनमधला बार म्हणजे आपल्याकडचं कोपऱ्यावरचं हॉटेल. सकाळी तिथे कॉफी आणि टोस्ट मिळतो, दुपारी जेवण. संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात. दारू घेतलीच पाहिजे असं काही नाही. ‘मोस्तो’ म्हणजे द्राक्षाचा रस मागा, कोणी भुवया उंचावणार नाही.

पहिली भेट अशी करा

पहिल्या भेटीत विषयच सुचत नाही आणि दहा मिनिटांत दोघंही इंग्रजीवर येतात. इंग्रजी सोपं पडतं म्हणून समोरचाही तिकडेच वळतो. म्हणून थोडी तयारी करून जा.

मोबाईलवर अर्ध्या तासाचा गजर लावा. आधी स्पॅनिश, मग इंग्रजी. गजर वाजेपर्यंत भाषा बदलायची नाही.

विषय आधीच ठरवा. ‘माझं गाव’, ‘आमच्याकडचं लग्न’, ‘लहानपणचे खेळ’ असे विषय चांगले, कारण सांगण्यासारखं आपल्याकडे भरपूर असतं. त्यासाठी लागणारे दहा-बारा शब्द घरी शोधून ठेवा.

काही वाक्यं तोंडपाठ करा. ‘मास देस्पासिओ, पोर फावोर’ म्हणजे जरा हळू बोला. ‘कोमो से दिसे?’ म्हणजे याला काय म्हणतात? ‘के सिग्निफिका?’ म्हणजे याचा अर्थ काय? स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘दिसे’चा उच्चार ‘दिथे’ आणि ‘ग्रासियास’चा ‘ग्राथियास’ असा ऐकू येईल. दोन्ही बरोबरच.

चुका कशा सुधारायच्या, तेही आधी बोलून घ्या. प्रत्येक चुकीला थांबवलं तर गप्पा मरतात. कधीच थांबवलं नाही तर चुका मुरतात. त्यापेक्षा जोडीदाराने तीन-चार महत्त्वाच्या चुका कागदावर टिपून शेवटी सांगाव्यात. तुम्हीही त्याच्यासाठी तेच करा.

घरी परतल्यावर पाच नवी वाक्यं वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक तरी बाहेर वापरा. न वापरलेलं वाक्य आठवड्याभरात विसरून जातं.

कॅफेच्या टेबलापलीकडे

भाषा फक्त समोरासमोर बसून येत नाही. हात कामात असले की जीभ मोकळी होते. म्हणून एखादा उपक्रम निवडा. स्वयंपाकाचा वर्ग, नाच, गायनवृंद, डोंगरात फिरणारा गट, रविवारची ‘पाचांगा’ म्हणजे मित्रामित्रांचा फुटबॉल, नाहीतर गरजूंसाठी अन्न गोळा करणाऱ्या संस्थेत स्वयंसेवा. तिथे ‘कांदा दे’, ‘इकडे पास कर’, ‘डावीकडे वळ’ अशी वाक्यं शंभरदा कानावर पडतात. ती पाठ करावी लागत नाहीत.

बाजार ही तर फुकटची शाळा आहे. भाजी-मासळीच्या मंडईत बरेचदा रांग दिसतच नाही. नवीन आलेल्या माणसाने विचारायचं, ‘किएन एस एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? कोणीतरी हात वर करतं आणि त्याच्यानंतर तुमचा नंबर. हे वाक्य न बोलता उभे राहाल, तर उभेच राहाल.

जेवणानंतरच्या गप्पांना स्पॅनिशमध्ये ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे. दुपारचं जेवण दोन-तीन वाजता होतं. ताटं उचलली तरी माणसं टेबलावरून उठत नाहीत. आपल्याकडे पंगत उठल्यावर पान जुळवत जशा गप्पा रंगतात, तशाच. कोणी जेवायला बोलावलं तर लगेच निघू नका. खरी भाषा ताटं उचलल्यावर सुरू होते. शाकाहारी असाल तर ‘नो कोमो कार्ने नी पेस्कादो’ हे वाक्य आधीच सांगा, म्हणजे मी मांस किंवा मासे खात नाही. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो.

चालायची आवड असेल तर ‘कामिनो दे सांतियागो’चा विचार करा. सांतियागो दे कोम्पोस्तेला इथल्या चर्चकडे जाणारी ही शेकडो वर्षांची पदयात्रा आहे. पायी किमान १०० किलोमीटर चाललेल्यांना तिथे प्रमाणपत्र मिळतं. त्यासाठी बरेच जण सारिया गावापासून चालायला सुरुवात करतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण ‘बुएन कामिनो’ म्हणतो. वारीत जसं अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात, तसाच हा आपलेपणा. रात्री यात्रेकरूंच्या निवाऱ्यात एकाच खोलीत दहा देशांची माणसं असतात. पाय दुखतात हे सगळ्यांना सांगायचं असतं आणि ते सांगायला फार व्याकरण लागत नाही.

शिकायला नाही, तर जोडीदाराच्या नोकरीमुळे परदेशी गेलेल्या गृहिणींचा एकटेपणा अधिक खोल असतो. त्यांच्यासाठी मुलांच्या शाळेचं फाटक आणि बाग या सर्वांत चांगल्या जागा. मुलं पाच मिनिटांत मैत्री करतात. त्यांच्या मागे आयांनाही बोलावंच लागतं. एखाद्या दिवशी घरी केलेला गोड शिरा डब्यातून न्या. पाककृती विचारली जाईल आणि ती स्पॅनिशमध्ये सांगावी लागेल.

चुका होणारच

‘लोक काय म्हणतील’ ही भीती आपल्याला परदेशातही सोडत नाही. स्पॅनिश शिकणाऱ्यांची एक चूक तर जगप्रसिद्ध आहे. इंग्रजीतल्या ‘एम्बॅरस्ड’सारखा दिसतो म्हणून ‘एम्बारासादा’ हा शब्द वापरून अनेकींनी ‘मला लाज वाटतेय’ असं सांगायचा प्रयत्न केला आहे. त्या शब्दाचा अर्थ मात्र ‘गरोदर’ असा आहे. तसंच ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे बद्धकोष्ठ झालेला नव्हे, सर्दी झालेला.

अशा वेळी समोरचा हसतो. तुम्हीही हसा. तो शब्द तुम्ही आयुष्यात विसरणार नाही. आठवून पाहा, कोणी अमराठी माणूस ‘मी आली’ म्हणाला तर आपण त्याला नावं ठेवतो का? उलट तो मराठी बोलायचा प्रयत्न करतोय म्हणून आपल्याला बरंच वाटतं. तुमच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशकडेही बहुतेक लोक असंच पाहतात.

सावधगिरीही हवी

इंतेरकाम्बिओच्या नावाखाली काही जण भलत्याच अपेक्षेने भेटायला येतात. विशेषतः मुलींनी पहिल्या काही भेटी दिवसाउजेडी आणि गर्दीच्या कॅफेतच ठरवाव्यात. कुठे आणि कोणाला भेटतोय, हे मैत्रिणीला कळवून ठेवावं. घरी बोलावण्याची घाई करणाऱ्याला सरळ ‘नो’ म्हणावं. इंतेरकाम्बिओत पैशांचा व्यवहार नसतो, त्यामुळे कोणी उसने मागितले तर भेटी थांबवा. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे.

भेटल्यावर गालाला गाल लावून अभिवादन करण्याची तिथे पद्धत आहे. त्यात वावगं काही नाही. पण तुम्हाला अवघड वाटत असेल तर हसून हात पुढे करा. ते समजून घेतात.

शहर निवडताना

स्पेनही आपल्यासारखाच अनेक भाषांचा देश आहे. बार्सिलोनात कातालान, बिल्बाओच्या परिसरात बास्क आणि सांतियागोच्या गालिसियात गालिसियन कानावर पडते. तिथे स्पॅनिशही चालते, पण सुरुवातीला गोंधळ होऊ शकतो. आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ बरेचदा गिळतात. ग्रानादात मात्र पेयाबरोबर खाण्याची छोटी बशी बहुतेक ठिकाणी मोफत येते, त्यामुळे गप्पांना बसायला स्वस्त पडतं.

विद्यार्थ्यांचं आवडतं शहर सालामांका. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. स्पॅनिशचं पहिलं व्याकरण लिहिणारे आंतोनिओ दे नेब्रिखा याच विद्यापीठात शिकवत. त्यांचं पुस्तक १४९२ मध्ये आलं. शहर पायी फिरण्याजोगं आहे. सगळे भेटतात ते ‘प्लासा मायोर’ या मुख्य चौकातल्या घड्याळाखाली. ‘घड्याळाखाली भेटू’ एवढंच सांगितलं की पुरतं.

राहायची जागा निवडताना दोन पैसे जास्त गेले तरी स्पॅनिश घरमालकीण किंवा स्पॅनिश सोबती असलेलं घर पाहा. फ्रिजमधलं दूध कोणी संपवलं, या वादातही भाषा शिकता येते.

जाण्याआधी आणि गेल्यावर

शून्यापासून सुरुवात करू नका. भारतातच ए-१, शक्य तर ए-२ पातळी गाठा. नवी दिल्लीत स्पेन सरकारची ‘इन्स्तितुतो सेर्वांतेस’ ही संस्था आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठातही स्पॅनिश शिकवलं जातं. ‘देले’ परीक्षेचं प्रमाणपत्र कायमचं असतं आणि त्यात तोंडी परीक्षाही द्यावी लागते. गप्पांचा सराव तिथेही कामी येतो. व्हिसाचा विचारही आधीच करा. अल्प मुदतीच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्याहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो.

घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिवाळ्यात भारताचं घड्याळ स्पेनच्या साडेचार तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेतीन तास. तुम्ही रात्री साडेअकराला व्हिडिओ कॉल केलात तर तिथे संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि मुलीची बाहेर पडायची तीच वेळ असते. त्यापेक्षा आपल्या संध्याकाळी साडेसातला बोला, तेव्हा तिथे दुपार असते. रोज तासभर बोलण्याचा आग्रहही सोडा. ती फोनवर कमी बोलत असेल तर कदाचित तिला तिथे बोलायला कोणी मिळालं असेल. ही काळजीची नाही, आनंदाची गोष्ट आहे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा शहरांत राहणाऱ्या मराठी घरांना तर हे शिकवायलाच नको. तुमच्या आजीने हिंदी, गुजराती किंवा तेलुगू कोणत्या वर्गात जाऊन शिकली होती? भाजीवाल्याशी घासाघीस करत, शेजारणीकडून लोणच्याची कृती विचारत, चुकत-माकत ती बोलू लागली. तीच रीत सालामांकात किंवा माद्रिदमध्येही चालते. म्हणून सामान लावून झालं की पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी लिहा, फलकावर लावा आणि दाराबाहेर पडा. पहिलं वाक्य चुकलं तरी चालेल, दुसरं बोलायला थांबा.